हीट प्रेसच्या प्लेटमागे काय घालशील?

बाबा रे, फुटबॉलच्या जर्सी छापायला घरीच हीट प्रेस (तापलेल्या प्लेटने दाबून कापडावर छापायचं यंत्र) बनवतोयस, छान. पण उष्णता मागे जाऊ नये म्हणून तापणाऱ्या प्लेटमागे प्लायवूड लावू नकोस. ट्रान्सफरला, म्हणजे कागदावरचं चित्र कापडावर उतरवायला, १८० ते २०० अंश लागतात. लाकूड हळूहळू काळं पडतं आणि एक दिवस धुमसतं. बेकेलाइट (एक कडक प्लास्टिक) हेही तिथे फार टिकत नाही.

दोन कामं वेगळी ठेव: उष्णता अडवणं आणि दाब सोसणं. सिरॅमिक लोकर (उष्णता सोसणाऱ्या तंतूंची कापसासारखी गादी) पहिल्यात उत्तम, पण दाबली की तिच्यातली हवा जाते आणि उपयोगही. म्हणून दाब कॅल्शियम सिलिकेट बोर्डावर (उष्णता अडवणारा कडक बोर्ड) किंवा स्टीलच्या बारीक खुंट्यांवर घे, लोकर मधल्या पोकळीत सैल भर. लोकर कापताना मास्क लाव, उघडी ठेवू नकोस, पत्र्याने झाक. जुने अॅस्बेस्टॉसचे पत्रे फुकट मिळाले तरी नको.

आपल्या गोव्यातला पाऊस विसरू नकोस. जून ते सप्टेंबर बोर्ड आणि लोकर दोन्ही दमट होतात. माझी प्रेस म्हापशात एका पावसाळ्यात सुरू करताच ट्रिप व्हायची, म्हणजे त्या ओलीने सुरक्षा-स्विच पडून वीज बंद व्हायची. आता आधी मंद आचेवर अर्धा तास सुकवतो. अर्थिंग मात्र पक्कं हवंच, त्यात काटकसर नाही.