पंचायत नव्या वसाहतीसाठी आमच्या वाड्यावरून (वस्तीतून) रस्ता काढते आहे. ग्रामसभेत नेमकं काय विचारावं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: पंचायतीने ठराव घेतलाय, रस्ता शेताच्या कडेने जाऊन व्हाळ (ओढा) ओलांडून डोंगराच्या पायथ्याशी पोचणार, तुमच्या भाटाची (माडांच्या बागेची) एक पट्टी त्यात जाते, आणि सरपंच म्हणतात की यामुळे गावातल्या मुलांना घरं बांधायला जागा मोकळी होईल. मी गोव्यात फोंडा तालुक्यात जमीन मोजणीचं काम करतो, असे रस्ते आखताना पुष्कळ पाहिलेत, म्हणून लिहितो.

रस्ता कुणाच्या दारावरून जातो यावर ग्रामसभेत तासभर भांडण होतं. तो संपतो कुठे, हे मात्र कुणी विचारत नाही. तुम्ही तेच विचारा.

आपल्याकडे आतल्या जमिनीला वाट नसेल तर तिची किंमत काजू-आंब्याइतकीच. प्लॉट पाडायचे असोत की इमारत बांधायची असो, 2010 च्या बांधकाम नियमावलीत रस्त्याच्या रुंदीची अट आहे. दीड मीटरच्या पायवाटेवर वसाहतीला परवानगी मिळत नाही. त्याच जमिनीला पंचायतीने सरकारी पैशातून रुंद रस्ता नेऊन दिला, की मालकाचं निम्मं काम फुकटात झालं. म्हणून पहिल्यांदा गावाचा सर्व्हे नकाशा घ्या, त्यावर पेन्सिलीने रस्ता काढा आणि शेवटच्या टोकाला दोन्ही बाजूंचे सर्व्हे नंबर लिहून काढा. मग प्रत्येकाचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंद, काढा. कब्जेदाराच्या रकान्यात गावातली नावं आहेत की गेल्या दोन-तीन वर्षांत फेरफार होऊन एखादी कंपनी येऊन बसलीय, ते बघा. कुळाचा आणि इतर हक्कांचा रकानाही वाचा, तो लोक वाचतच नाहीत. कूळकायद्याने कुळाच्या मालकीची झालेली जमीन असेल, तर 1991 च्या कायद्याप्रमाणे ती शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. मग तिथे वसाहत कशी होणार, हा सरळ प्रश्न आहे. भातशेती असेल तर 2023 पासून शेतकरी नसलेल्याला ती विकायलाही, काही अपवाद सोडले तर, बंदी आहे.

दुसरं, हा रस्ता ‘प्रादेशिक आराखडा 2021’ मध्ये दाखवलाय का? गावागावाचे नकाशे नगरनियोजन खात्याकडे आहेत. डोंगराच्या पायथ्याची ती जमीन वस्तीत आहे, बागायतीत आहे की शेतीत, हेही त्यातच दिसेल. वस्तीत असेल तर सरपंचांचं म्हणणं निदान कागदावर तरी बसतं. बागायतीत असेल आणि तरीही तिथे घरं होणार म्हणून सांगत असतील, तर कुणीतरी जमिनीचा विभाग (झोन) बदलायचा अर्ज केलाय किंवा करणार आहे. हे बदल नगरनियोजन कायद्याच्या कुठल्या कलमाने करतात, ते गेल्या काही वर्षांत इतक्यांदा बदललंय की माझ्यासारख्याचंही डोकं चालत नाही: 2018 मध्ये 16ब आलं, मग 17(2), आणि 2024 मध्ये 39अ. 17(2) च्या नियमांना उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द ठरवलं. 39अ खाली आलेल्या अर्जांवर हरकतीसाठी 30 दिवस असतात आणि नोटिशीत सर्व्हे नंबर दिलेला असतो. तुमच्या पेन्सिलीच्या यादीशी तो जुळवून बघा. लोकांनी कागद वाचले की काय होतं ते आपण बघितलंय. त्याआधीचा ‘प्रादेशिक आराखडा 2011’ (2011 हे मुदतीचं साल) जाहीर होऊन वर्ष व्हायच्या आत, जानेवारी 2007 मध्ये सरकारला रद्द करावा लागला होता.

आता पाणी. तुमच्या प्रश्नात व्हाळाचा उल्लेख एका ओळीत आलाय, पण माझ्या मते खरी गोष्ट तीच. आपल्याकडे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. डोंगरावरचं पाणी शेतात पसरतं, तिथून व्हाळात उतरतं. शेताच्या कडेने मातीचा भराव टाकून रस्ता केला की तो रस्ता राहत नाही, बांध होतो. कंत्राटदार अंदाजपत्रकात दोन-तीन ठिकाणी 300 मिलिमीटरचा ह्यूम पाइप (सिमेंटचा नळ) टाकतो आणि कागदावर मोरी झाली असं लिहितो. पहिल्याच जोराच्या पावसात माडाचं एक चुडत (झावळी) आडवं येतं, त्यावर गवत, त्यावर प्लास्टिक. पलीकडे व्हाळ कोरडा आणि अलीकडे शेतात गुडघाभर पाणी. रोप कुजलं की त्या वर्षी शेत पडीक, दोन वर्षं पडीक राहिलं की लोक म्हणायला लागतात, इथे काही पिकत नाही, विकून टाकूया. व्हाळावर साकव (छोटा पूल) किती रुंदीचा, मोऱ्या किती आणि कुठे, त्यांचा व्यास किती, हे अंदाजपत्रकातून वाचून दाखवा म्हणून आग्रह धरा. सखल जमिनीत भराव घालायला आणि डोंगर कापायला नगरनियोजन कायद्याच्या 17अ कलमाखाली परवानगी लागते. ती घेतली आहे का, आणि असेल तर प्रत कुठे आहे, एवढंच विचारा. बहुतेक वेळा सभेत शांतता पसरते.

मुलांच्या घरांबद्दल सरपंच बोलले, ते मी हसण्यावारी नेणार नाही. गावात घराची गरज खरी आहे. पण तरुणांची घरं अडतात ती रस्त्यापायी नव्हे. आजोबांच्या नावची जमीन, उताऱ्यावर बावीस नावं, त्यातली सहा मुंबईत, दोन परदेशात, एक वारलेला आणि त्याचे वारस लागलेले नाहीत. इन्व्हेंटरी (कोर्टातून वारसांची वाटणी) झाल्याशिवाय त्यातल्या कुणालाही सनद (घरासाठी जमीन वापरायची परवानगी) मिळायची नाही, बँक कर्ज द्यायची नाही. रस्ता बारा मीटर केला तरी हे सुटत नाही. सरपंचांना विचारा की नव्या वसाहतीतले किती प्लॉट गावातल्या माणसाला परवडणाऱ्या दरात मिळणार आणि तसं लिहून कोण देतंय. पंचायतीने मालकाशी करार करून काही प्लॉट गावकऱ्यांसाठी राखून घेतले, तर मी स्वतः त्या रस्त्याच्या बाजूने बोलेन. नुसतं तोंडी सांगणं असेल तर त्या रस्त्याचं नाव काय ठेवायचं ते ठरवा, घरं दिल्लीवाल्यांची होणार आहेत.

आणि हो, सभेत कुणीतरी हटकून उठून म्हणणार, ‘तुम्हांला डेव्हलपमेंट नको काय?’ त्याला उत्तर देत बसू नका. तो प्रश्न वेळ घालवायलाच असतो.

तुमची पट्टी जाते त्याबद्दल. पंचायतीला जमीन हवी असेल तर तीन वाटा: तुम्ही दान द्यावी, पंचायतीने विकत घ्यावी, किंवा सरकारने संपादन करावी. पहिलीच वाट सगळ्यांना आवडते, कारण खर्च नाही. ‘वाड्याच्या भल्यासाठी एक सही करा’ म्हणून पंच घरी येतात, शेजारपाजारच्या सह्या दाखवतात. साध्या कागदावरच्या ना हरकत पत्रावर सही करू नका. द्यायचंच असेल तर नोंदणी केलेला दस्त करा, त्यात रुंदी, सीमा आणि उरलेल्या भाटाला वाट हे सगळं नकाशासकट लिहा, आणि तुमच्या एक-चौदावर कुळाचं किंवा मुंडकाराचं (मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) नाव असेल तर त्याला डावलून काही करू नका. संपादन झालं तर 2013 चा कायदा लागतो. प्राथमिक अधिसूचनेपासून हरकतीला 60 दिवस, आणि बाजारभावाने ठरलेल्या रकमेवर तेवढीच रक्कम सोलेशियम (जादा भरपाई) म्हणून. बाजारभाव ठरतो जुन्या विक्रीखतांवरून, तेव्हा जवळपासच्या व्यवहारांच्या नकला आत्तापासूनच जमा करा.

ग्रामसभेआधी हे प्रश्न लेखी देऊन पंचायतीचा शिक्का मारलेली पोच घ्या, आणि ठरावाची प्रत माहिती अधिकाराखाली मागा. 30 दिवसांत मिळायला हवी. सभेनंतर इतिवृत्त लिहिलं जातं तेव्हा काय लिहिलं जातंय ते सचिवांच्या टेबलाशी बसून वाचा. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम करतात, तेव्हा हरकत घ्यायची वेळ तीच.