बल्गेरियात वासिल लेव्हस्कीला एवढं का मानतात?

कारण ऑटोमन राजवटीत राहून त्याने देशाच्या आत उठावासाठी गुप्त क्रांतिकारी कमिट्यांचं जाळं उभं केलं, आणि हे काम तलवार चालवण्यापेक्षा कितीतरी अवघड होतं.

जन्म १८३७ चा, कार्लोवोचा. वडील लवकर गेले, मामा साधू होते म्हणून हाही मठात गेला, १८५८ मध्ये दीक्षा घेतली पण मन रमेना, शेवटी १८६२ ला मामाचाच घोडा घेऊन बेलग्रेड गाठलं आणि बल्गेरियन क्रांतिकारक राकोव्स्कीच्या लीजनमध्ये, म्हणजे स्वयंसेवकांच्या सैन्यात, भरती झाला. पुढे साधूपण सोडताना कापलेले केस आईने जपून ठेवले.

१८६७ ला तो तुर्कांविरुद्ध लढणाऱ्या पानायोत हितोव्हच्या टोळीत झेंडेकरी होता. बाहेरून डोंगरात टोळ्या घुसवून काही होत नाही, लोकच तयार पाहिजेत, हे त्याला तिथे पटलं आणि मग वेष बदलत, खोट्या कागदपत्रांवर गावोगाव फिरून त्याने कमिट्या बांधल्या, केंद्र लोव्हेच शहरात. पैशापैशाचा हिशोब खिशातल्या वहीत लिहायचा!

१८७२ मध्ये सहकारी दिमितर ओब्श्तीने त्याचं न ऐकता सरकारी खजिना लुटला, धरपकड झाली, त्यात कमिट्यांची बरीच गुपितं फुटली. डिसेंबरअखेर काक्रिना गावच्या खानावळीत लेव्हस्की सापडला आणि फेब्रुवारी १८७३ ला सोफियात फाशी, वय फक्त ३५.

मला सगळ्यात मोठी वाटते ती ही गोष्ट की त्याला राजा नको होता, प्रजासत्ताक हवं होतं, आणि त्यात तुर्क, ज्यू सगळ्यांना बल्गेरियनांइतकेच हक्क.