वर्गमुळात एक्स आला की मुलगी रडते

परवा परत एका आईंनी विचारलं, "मॅडम, आकड्यांची गणितं पटापट करते, पण वर्गमुळात एक्स-वाय आले की रडायलाच लागते, डोक्यात काही कमी आहे का हो हिच्या?" परीक्षा जवळ आली की हे मला हमखास विचारतात, म्हणून मागच्या वर्षीची एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

नववीतली मुलगी, खाली मान घालून बसलेली. म्हटलं वही दाखव. करणीच्या, म्हणजे वर्गमुळांच्या गणितांच्या पानावर खोडून खोडून कागदाला भोक पडलेलं आणि त्याखाली √(एक्स² + १६) = एक्स + ४, वर लाल फुली. का चुकलं ते कोणी लिहिलंच नव्हतं, नुसती फुली! म्हटलं एक्सच्या जागी ३ घाल बघू. ९ अधिक १६, २५, वर्गमूळ ५. आणि तुझ्या उत्तरात? ७. बराच वेळ बघत बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे गुणाकार असला की वेगळं करायचं, बेरीज असली की नाही?" अगं तेच तर.

मग √(७२एक्स³) घेतलं. ७२ म्हणजे २×२×२×३×३, एक्स³ म्हणजे तीन एक्स. जोडी बाहेर, एकटा आत. २ ची एक जोडी, ३ ची एक, एक्सची एक, आत उरले एक २ आणि एक एक्स, झालं ६एक्स√(२एक्स). हे तिने एका दमात केलं.

आणि जाता जाता हळूच विचारलं, "एक्स² चं वर्गमूळ एक्स, पण एक्स उणे ३ असला तर?" क्लासमध्ये विचारलं होतं तर म्हणे उगाच फाटे फोडू नकोस. अहो शंका शंभर टक्के बरोबर! उणे ३ चा वर्ग ९, त्याचं √ म्हणजे ३, उणे ३ नाही, म्हणून खरं उत्तर |एक्स|, केवलमूल्य, म्हणजे उणे चिन्ह सोडून नुसता आकडा. गणितात "एक्स धन आहे" असं दिलेलं असलं तरच त्या उभ्या रेघा सोडायच्या, आणि ती ओळ पोरं वाचतच नाहीत. मग ७२एक्स³ ला रेघा का नाही लागल्या? ते तिनेच पुढच्या आठवड्यात येऊन सांगितलं, एक्स ऋण असता तर आतलं सगळंच ऋण झालं असतं, वर्गमूळच निघालं नसतं.

आईंना बुद्ध्यांकाची टेस्ट हवी होती, मी केली नाही. चाचणीत २० पैकी १३ पडले, आधी ६ होते. आई खूश, ही मात्र फुगून बसलेली, एका ठिकाणी रेघा द्यायच्या राहिल्या म्हणून.