वकीलपत्रावर सही करण्याआधी

प्रिय वकीलसाहेब,

सनद मिळाली तेव्हापासून तुला हीच हाक मारायची ठरवलंय. सवय होऊ दे. भाडेकरूंवर दावा लावणाऱ्या त्या बिल्डरचं वकीलपत्र घ्यावं का, असं विचारलंस आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकलंस: "आधी नाव होऊ दे सर, तत्त्वं मग बघू." कोर्टाच्या बार रूममध्ये असं म्हणणारे वकील ढीगभर भेटतील. मला मात्र थॅडियस स्टीव्हन्स आठवला.

हा १७९२ साली व्हरमाँटमध्ये जन्मलेला अमेरिकन वकील. एक पाय जन्मतःच वाकडा, बाप घर सोडून गेलेला, आईने राबून शिकवलेला. १८१६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला त्याने वकिली सुरू केली. नाव व्हायला वेळ लागला नाही.

१८२१ साली निकाल लागलेलं चॅरिटी बटलरचं प्रकरण नीट बघ. बाहेरून आणलेला गुलाम पेनसिल्व्हेनियात सहा महिने राहिला की मोकळा, असा तिथला १७८० चा कायदा. चॅरिटी ही शेजारच्या मेरीलँड राज्यातली गुलाम. तिला अधूनमधून पेनसिल्व्हेनियात आणलं जाई, आणि सगळे मुक्काम जोडले तर सहा महिने भरत होते. स्टीव्हन्स मालकाकडून उभा राहिला. मुद्दा एवढाच: सहा महिने सलग हवेत, तुकडे जोडून चालणार नाही. कोर्टाला पटलं. चॅरिटी आणि तिची मुलं गुलामच राहिली.

मुद्दा चोख होता. मुदतीच्या कायद्यावर आपणही रोज असलेच मुद्दे काढतो, आणि जिंकलो की चहा मागवतो. पुढे स्टीव्हन्सने पळून आलेल्या कितीतरी गुलामांची प्रकरणं फी न घेता लढवली. त्याला पश्चात्ताप झाला म्हणून, असं सांगतात. झालाही असेल; चॅरिटीला त्याचा काय उपयोग?

तू निवडणुकीचंही मनात धरून आहेस, म्हणून त्याची विधिमंडळातली बाजूही सांगतो. १८३३ मध्ये तो राज्याच्या प्रतिनिधिगृहात गेला. पुढच्याच वर्षी मोफत शाळांचा कायदा झाला आणि करावरून लोक खवळले. आमच्या पैशानं दुसऱ्यांची पोरं का शिकवायची, असा सवाल. कायदा रद्द करा म्हणून अर्जांचे ढीग पडले, राज्याच्या सेनेटने, म्हणजे वरच्या सभागृहाने, तो रद्द करायला मान्यताही दिली. स्टीव्हन्सच्या स्वतःच्या मतदारसंघातही वारं विरोधातच होतं.

११ एप्रिल १८३५ ला तो बोलायला उभा राहिला. त्याने शेतकऱ्याचंच उदाहरण घेतलं. फौजदारी कोर्टं, तुरुंग, जेलर यांच्यासाठी हा सधन माणूस मुकाट कर भरतो. त्याला स्वतःला बहुधा त्यातलं काहीच कधी लागणार नाही. गुन्हेगाराला पोसायला पैसे देतो, मग माणूस गुन्हेगार होऊ नये म्हणून द्यायला का कुरकुरतो? बघ, कोणाच्या दयेवर त्याने भिस्त ठेवली नाही. समोरच्याच्या खिशातूनच युक्तिवाद काढला. शाळांचा कायदा टिकला. चॅरिटीला हरवणारी हुशारी हीच.

संतबिंत समजू नकोस त्याला. जुगारी होता, जीभ तिखट, राजकारण आडदांड. १८३८ मध्ये निवडणुकीच्या भांडणात जमाव अंगावर आला तेव्हा हॅरिसबर्गच्या सभागृहाच्या खिडकीतून उडी मारून पळाला. पण त्याच वर्षी राज्याच्या नव्या घटनेने मतदान फक्त गोऱ्यांपुरतं ठेवलं, तर घटना समितीचा सदस्य असून त्याने तिच्यावर सही केली नाही. पुढे तो अमेरिकन संसदेत म्हणजे काँग्रेसमध्ये गेला ते, कायद्याचं समान संरक्षण देणारी अमेरिकेची चौदावी घटनादुरुस्ती वगैरे तुझ्या पुस्तकात आहेच.

आता तुझं. वकीलपत्र घेऊ नकोस, असं मी सांगणार नाही; बिल्डरलाही वकील लागतोच. पण सोमवारी सही करण्याआधी दावा पहिल्या पानापासून वाच. प्रतिवादी म्हणून ज्या भाडेकरूंची नावं आहेत, त्यांच्यात कोण किती वर्षं राहतंय, पावत्या कोणाकडे आहेत, हे वहीत लिहून काढ. मग मला फोन कर. घ्यायचंच ठरलं तर फी मात्र पूर्ण घे, नवा आहेस म्हणून कमी करू नकोस.

तुझा,
सर