वाचकांचे प्रश्न : दिव्यांगांसाठी सरकारी नोकरी, जागा कुठे आणि अडते कुठे

दिव्यांगांच्या राखीव जागांविषयी बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून आलेल्या पत्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. परीक्षेत कमी पडून हुकलेली माणसे थोडी. दाखला, अर्जातला एखादा रकाना किंवा भाषेची अट यावर अडलेली फार. म्हणून उत्तरांचा भर तिकडेच ठेवला आहे.

डाव्या पायाला पोलिओ, दाखल्यावर ४५ टक्के. बी.कॉम. झालो आहे. अपंगांचा कोटा नेमका किती? तो जातीच्या कोट्यातच धरतात का? (खानापूर तालुका)

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याने जुन्या ३ टक्क्यांचे ४ टक्के केले. अंध व अल्पदृष्टी १ टक्का, कर्णबधिर व कमी ऐकू येणारे १ टक्का, हातपायांचे अपंगत्व १ टक्का (सेरेब्रल पाल्सी, कुष्ठमुक्त, बुटकेपण, ॲसिडहल्ला व स्नायूंचा क्षय यातच येतात), आणि स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता मिळून १ टक्का. कर्नाटकात अ आणि ब गटांत ४ टक्के, तर क आणि ड गटांत ५ टक्के जागा आहेत. एफडीए (प्रथम दर्जा सहायक), एसडीए (द्वितीय दर्जा सहायक), ग्राम आडळिताधिकारी (तलाठी) ही पदे क गटातली, म्हणून तुमच्या कामाची जास्त.

हे आरक्षण समांतर आहे. म्हणजे जागा दिव्यांगाची. पण निवड झाल्यावर ती तुमच्या जातीच्या किंवा सर्वसाधारण प्रवर्गात धरली जाते. दोन्ही रकाने भरायचे, एक भरला म्हणून दुसरा सोडायचा नाही. खेड्यातल्या शाळेत पहिली ते दहावी झाली असेल तर कर्नाटकातला २५ टक्क्यांचा ग्रामीण कोटाही मागा. शाळेच्या दाखल्यावर बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) प्रतिस्वाक्षरी अर्ज भरण्याआधीच घेऊन ठेवा. कन्नड माध्यमाचा कोटा मात्र मराठी शाळेत शिकलेल्यांना मिळत नाही. तो रकाना चुकून भरला गेला तर कागदपत्र तपासणीत अडचण येते.

वयात कर्नाटकात १० वर्षांची सवलत आहे. केंद्रात सर्वसाधारण प्रवर्गाला १०, ओबीसींना १३ आणि अनुसूचित जाती-जमातींना १५ वर्षे.

एका खात्याच्या जाहिरातीत ८ जागा होत्या, दिव्यांगांसाठी शून्य. हे कायद्यात बसते का? (निपाणी)

बसूही शकते, न बसूही शकते. आठांतून चार टक्के काढून उत्तर मिळत नाही, कारण हिशोब एका जाहिरातीचा नसून रोस्टरचा, म्हणजे जागांचा क्रम ठरवणाऱ्या नोंदवहीचा असतो. केंद्र सरकारच्या कार्यालयांत १०० बिंदूंची नोंदवही असते. तिचे २५-२५ चे चार भाग करतात आणि १, २६, ५१, ७६ हे बिंदू दिव्यांगांसाठी ठेवतात. कार्यालय ५ व्या बिंदूवर असताना ८ जागा निघाल्या तर ५ ते १२ मध्ये दिव्यांगाचा बिंदू येत नाही. तेच कार्यालय २२ वर असते, तर २६ वा बिंदू त्या आठांत आलाच पाहिजे.

खरी गळती मागच्या न भरलेल्या जागांत असते. योग्य उमेदवार मिळाला नाही तर जागा पुढच्या भरतीवर्षात न्यायची. तेव्हाही त्याच प्रकारचा उमेदवार मिळाला नाही तर पाच प्रकारांत (बहुविकलांगता वेगळी धरून) अदलाबदल करायची, आणि तरीही कोणी नसेल तरच ती इतरांना द्यायची. ही पायरी गाळली गेली का, ते नोंदवहीच सांगते. म्हणून माहितीच्या अधिकारात दोनच गोष्टी मागा: त्या पदाच्या दिव्यांग रोस्टरची प्रत, आणि पुढे ओढलेल्या जागांचा वर्षवार तपशील. शुल्क १० रुपये. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. तक्रार, गाऱ्हाणे आणि माहिती एकाच कागदावर लिहिली की अर्ज तेवढ्याच कारणाने परत येतो. उत्तराची मुदत ३० दिवस.

मुलाचा एक डोळा लहानपणीच गेला. दुसरा अगदी चांगला आहे. दाखल्यावर ३० टक्के लिहिलेत. पुन्हा तपासणी केली तर ४० होतील का? (बेळगाव शहर)

ताई, डॉक्टरांनी चूक केलेली नाही. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा ६/१८ पर्यंत चांगला असेल तर केंद्राच्या मूल्यमापन नियमांत ३० टक्केच बसतात. राखीव जागेला किमान ४० लागतात. मोठा आकडा मिळवून देतो म्हणणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका. नेमणुकीनंतरही दाखल्याची फेरतपासणी होऊ शकते आणि मग नोकरी तर जातेच, गुन्हाही दाखल होतो. मुलाने सर्वसाधारण जागांसाठी अर्ज करावा आणि प्रत्येक जाहिरातीतली दृष्टीची वैद्यकीय अट आधी वाचावी. चालक, पोलीस, रेल्वेची गाडी चालवणारी पदे सोडली तरी लिपिकवर्गाची बरीच पदे उरतात.

असाच गैरसमज कानांबाबत आहे. एका कानाने अजिबात ऐकू येत नसले तरी दुसरा चांगला असेल तर आरक्षण नाही. दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलची हानी लागते.

ज्यांचा दाखला व्हायचा आहे त्यांनी यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करावा. गावात असाल तर ग्रामपंचायतीतले व्हीआरडब्ल्यू, म्हणजे ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते, अर्ज भरून देतात. तालुक्याला एमआरडब्ल्यू (बहुउद्देशीय पुनर्वसन कार्यकर्ते) असतात. तपासणीला बोलावणे आले की टाळू नका. कार्ड पांढरे असेल तर ४० पेक्षा कमी, पिवळे असेल तर ४० ते ८० च्या आत, निळे असेल तर ८० व त्याहून जास्त.

कार्ड हातात आल्यावर पहिल्यांदा नाव वाचा. आपल्या भागात हीच गोष्ट सर्वांत जास्त नडते. एसएसएलसीच्या (दहावीच्या) गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, यूडीआयडीवर वडिलांचे नाव गायब, आणि कन्नडमधून इंग्रजीत उतरवताना आडनावाच्या शेवटचे एक अक्षर कमी. हे सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि एसएसएलसीचे स्पेलिंग प्रमाण मानून बाकीचे दुरुस्त करून घ्या. जाहिरात निघाल्यावर ही दुरुस्ती मुदतीत होत नाही.

जाहिरातीत दिव्यांगांच्या जागेपुढे ‘ओए, ओएल, बीएल’ असे लिहिलेले असते. माझे दोन्ही पाय अधू आहेत. कोचिंगवाले म्हणतात, हातपायांचा कोटा आहे ना, भरून टाका. (चिकोडी)

भरू नका, आधी अक्षरे वाचा. ओए म्हणजे एक हात, ओएल एक पाय, बीए दोन्ही हात, बीएल दोन्ही पाय, ओएएल एक हात व एक पाय. एलव्ही अल्पदृष्टी, बी अंध, डी बधिर, एचएच कमी ऐकू येणे, सीपी सेरेब्रल पाल्सी, एलसी कुष्ठमुक्त. पदापुढे फक्त ‘ओए, ओएल’ असेल आणि तुमच्या दाखल्यावर बीएल असेल, तर लेखी परीक्षेत पहिले आलात तरी कागदपत्र तपासणीत थांबवतील.

त्याच ओळीत दुसरी अक्षरमाला असते, ती कामाची. एस बसणे, एसटी उभे राहणे, डब्ल्यू चालणे, बीएन वाकणे, एमएफ बोटांनी काम, आरडब्ल्यू लिहिणे-वाचणे, एसई पाहणे, एच ऐकणे, सी संवाद, एल उचलणे, पीपी ओढणे-ढकलणे, सीएल चढणे. तुमच्यासाठी पाहायचे ते असे: प्रकारात बीएल आहे का, आणि कामात एसटी, डब्ल्यू किंवा सीएल नाही ना. लिपिक पदांपुढे बहुधा एस, आरडब्ल्यू, एमएफ, एसई एवढेच असते. तिथे व्हीलचेअर आड येत नाही.

दिव्यांगांसाठी योग्य पदांची केंद्राची यादी दिव्यांग सक्षमीकरण विभागाने ४ जानेवारी २०२१ रोजी नव्याने जाहीर केली. तिच्यात पद असेल आणि जाहिरातीत तुमचा प्रकार गाळला असेल, तर अर्जाची मुदत संपायच्या आत भरती मंडळाला यादीतला उतारा जोडून लिहा. निकालानंतर लिहिलेल्या पत्राला फारसे वजन राहत नाही. पद नावाने यादीत नसले, पण तसेच काम असलेले पद असेल, तरी तो आधार धरता येतो.

पूर्ण शिक्षण मराठीत झाले. एसडीएच्या परीक्षेत कन्नडचा पेपर असतो. आम्हाला दारच बंद आहे का? (खानापूर, उचगाव आणि येळ्ळूर येथील तीन वाचक)

कर्नाटकच्या क गटात सक्तीचा कन्नड पेपर १५० गुणांचा असतो, पात्रतेसाठी ५० लागतात आणि पातळी एसएसएलसीची. हे गुण गुणवत्तायादीत धरत नाहीत. मुख्य प्रश्नपत्रिका कन्नड आणि इंग्रजीत असते, मराठीत नाही. मराठी शाळांत कन्नड विषय असतोच, त्यामुळे लिपी येते. अडते ते पत्रलेखन, सारांश आणि व्याकरणात. रोज एक तास, सहा महिने, जुने पेपर हाताने लिहून काढले तर ५० गुण आवाक्यात आहेत. भाषेविषयी मनात काहीही असो, पाच टक्क्यांच्या जागा या पेपरामुळे सोडून देऊ नका.

याशिवाय तीन वाटा आहेत.

बँकांची आयबीपीएस लिपिक भरती. एका वर्षी एकाच राज्यासाठी अर्ज करता येतो आणि त्या राज्याची भाषा लिहिता, वाचता, बोलता यावी लागते. राज्याचा रहिवासी असण्याची अट नाही. म्हणजे बेळगावच्या मराठी उमेदवाराने महाराष्ट्र निवडले तर भाषाचाचणी मराठीची. कर्नाटक निवडले आणि कन्नड कच्चे असले तर शेवटच्या पायरीवर पाय घसरतो. अर्ज भरून देणारे सेंटर पत्ता पाहून परस्पर ‘कर्नाटक’ टाकते, म्हणून तो रकाना स्वतः पाहा.

स्टाफ सिलेक्शनची एमटीएस (मल्टिटास्किंग स्टाफ) परीक्षा मराठीतून देता येते, दिव्यांगांना शुल्क नाही आणि बेळगाव हे केंद्र आहे. रेल्वे भरतीचा पेपरही मराठीत मिळतो. तिथे दिव्यांगांकडून २५० रुपये घेतात आणि परीक्षेला बसल्यावर बँकखर्च वजा करून परत देतात.

तिसरी वाट महाराष्ट्र शासनाची. दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषकांना १५ वर्षांच्या वास्तव्याच्या विहित नमुन्यातील दाखल्यावर अर्ज करता येतो. १० जुलै २००८ च्या परिपत्रकाचा उल्लेख जाहिरातीत असतो. पण अर्जाला पात्र असणे वेगळे आणि तिथल्या दिव्यांग जागेवर हक्क असणे वेगळे. समांतर आरक्षणाचा परिच्छेद वाचून भरती कार्यालयाकडून लेखी खुलासा घ्या, तोंडी होकारावर बसू नका.

सेरेब्रल पाल्सीमुळे हात चालत नाही. लेखनिक आणि जादा वेळ कसा मागायचा? (बैलहोंगल)

अर्ज भरतानाच मागायचा, हॉल तिकिटाच्या वेळी नाही. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात: ६० मिनिटांच्या पेपराला ८०, दोन तासांच्या पेपराला २ तास ४० मिनिटे. अंध, दोन्ही हात अधू आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्यांनी मागितले की लेखनिक द्यायचाच; इतर प्रकारांत लिहिता येत नसल्याचा सरकारी रुग्णालयाचा दाखला विहित नमुन्यात लागतो. ४० टक्क्यांपेक्षा कमी असूनही लिहिता येत नसेल तरी लेखनिक मागता येतो.

स्वतःचा लेखनिक आणायला परवानगी असेल तर त्याचे शिक्षण तुमच्यापेक्षा कमी असावे लागते. इथेच सीमाभागातली गोची होते. मराठी शाळेतला दहावी झालेला मुलगा नियमात बसतो, पण इंग्रजी उतारा अडखळत वाचतो, आणि जादा मिळालेली वीस मिनिटे वाचनातच जातात. तीन-चार पूर्ण पेपर घड्याळ लावून त्याच मुलासोबत सोडवा. अपूर्णांक, वर्गमूळ, आकृतीतली दिशा कोणत्या शब्दांत सांगायची ते दोघांनी आधी ठरवा.

यजमान एका सरकारी खात्यात जीपचालक आहेत. मधुमेहाने दृष्टी गेली. ‘स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्या’ म्हणून रोज फोन येतो. (हुक्केरी तालुका)

कशावरही सही करू नका. २०१६ च्याच दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २०(४) नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढू शकत नाही, पदावनतही करू शकत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यायचे. पद रिकामे नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, जे आधी येईल तोवर, अधिसंख्य (जादा निर्माण केलेल्या) पदावर ठेवायचे.

आधी यूडीआयडी काढा. मग पर्यायी पदाची मागणी लेखी द्या, कलमाचा उल्लेख करा, पोचेचा शिक्का घ्या. फोनवरच्या सूचनेला ‘लेखी द्या’ एवढेच उत्तर द्या. प्रत्येक सरकारी आस्थापनेत कलम २३ खाली तक्रार निवारण अधिकारी असावा लागतो आणि त्याने तक्रारीची चौकशी नोंदीपासून दोन आठवड्यांत करायची असते. तिथे समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समिती, आणि बंगळुरूचे राज्य दिव्यांग आयुक्त. आयुक्तांकडे पाठवताना वैद्यकीय कागद, मागणीची पोच आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या जोडा. पगार थांबवला असेल तर ते पहिल्याच ओळीत, तारखेसह लिहा.