कान्होपात्रेतलं ‘पात्र’

सोलापूरच्या एका शिक्षिकाताईंनी विचारलंय: विठ्ठलभक्त संत कवयित्रीचं नाव कान्होपात्रा लिहायचं की कान्हूपात्रा? आणि ‘कान्होबाच्या कृपेला पात्र झालेली’ असा अर्थ मुलांना सांगितला तर चालेल का?

नका सांगू, ताई. हा अर्थ प्रवचनांतून इतक्यांदा ऐकलाय की आता राग येतो. भांडं, लायक, नदीचं पात्र हे अर्थ तुम्हाला ठाऊकच आहेत. इथे पात्र म्हणजे नाचणारी, नायकीण. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त स्वच्छ लिहून ठेवलंय: नृत्याचा आधार ते पात्र, आणि ते बहुधा नर्तकीच. पाणी भांड्यात राहतं तसं नृत्य तिच्या अंगात राहतं. इतका देखणा अर्थ सोडून ‘कृपापात्र’ कशाला हवं?

जुन्या कानडी शिलालेखांत देवळाच्या रंगभोगासाठी, म्हणजे देवापुढच्या नाचगाण्यासाठी, दान दिलेलं असतं, तिथेही ‘पात्र’ म्हणजे देवापुढे नाचणारी बाई. आपल्या सोलापुरातल्या कानडी घरांत नाटकात काम करणं म्हणजे आजही ‘पात्र माडोदु’. कान्होपात्रेचं गाव मंगळवेढं तर कलचुरी राजा बिज्जळाचं ठाणं, बसवेश्वरांचं वास्तव्य झालेलं गाव, पुरता कानडी मुलूख. तिथल्या श्यामा नायकिणीच्या लेकीचं नाव नुसतं कान्हो असावं आणि ‘पात्र’ हा धंदा मागाहून चिकटला असावा, हे माझं ठाम मत आहे.

उत्तरेत हाच शब्द पातुर, पातर, पतुरिया झाला. ओरछ्याची प्रवीणराय पातुर, कवी केशवदासाची शिष्या. अकबरानं तिला बोलावून घेतलं तेव्हा ती भर दरबारात म्हणाली, असं सांगतात: ‘जूठी पातर भखत हैं, बारी, बायस, श्वान.’ उष्टी पातर खातात ती बारी (पत्रावळी लावणारी जात), कावळे आणि कुत्री! पातर म्हणजे पत्रावळ आणि पातर म्हणजे ती स्वतः. एका शब्दाच्या बळावर बाई परत गेली. आपल्या कान्होपात्रेला बिदरच्या बादशहानं बोलावलं, तिनं विठ्ठलाच्या पायाशी प्राण सोडला. पंढरपुरात मंदिराच्या दक्षिण दरवाज्याजवळचं तरटीचं झाड आजही तिचं म्हणून दाखवतात.

काही पंडित म्हणतात, ‘पात्र’ नपुंसकलिंगी, ते बाईला कसं लागेल? मग ‘कलत्र’ काय आहे? अर्थ बायको, लिंग नपुंसक. ‘दार’ म्हणजेही बायकोच, आणि तो शब्द चक्क पुल्लिंगी, तोही अनेकवचनी. हे शब्द त्यांना बिनबोभाट चालतात, कारण ते लग्नाच्या बाईचे आहेत. नायकिणीचा शब्द आला की व्याकरण आठवतं आणि संतपदाला शोभेल अशी व्युत्पत्ती शोधली जाते. तिनं स्वतः काही लपवलं नव्हतं. ‘मी तो आहे यातीहीन’ असं तिनंच विठ्ठलाला सांगितलंय.

राहता राहिलं लेखन. दोन्ही रूपं छापलेली सापडतात. ‘नको देवराया अंत आता पाहू’च्या शेवटी ‘घेई कान्होपात्रेस’ आहे, तेव्हा फळ्यावर कान्होपात्रा लिहा.