धुऱ्यावर (बांधावर) रायमुनिया (घाणेरी, लँटाना) माजली आहे, ती खाणारे किडे सोडले तर संपेल का?

रायमुनियासाठी किड्यांच्या भरवशावर बसू नका. 1921 पासून आपल्या देशात हे प्रयोग चालू आहेत, फळं पोखरणारी माशी आणली, 1941 ला ऑस्ट्रेलियातून पानाचा रस शोषणारा ढेकूण आणला, तो सागाच्या फुलावर जाईल म्हणून घाबरून तो प्रयोग बंद केला तरी निसटून जंगलात पसरलाच. पाला झडते, पाणी पडलं की झुडूप पुन्हा हिरवंगार.

पण म्हणून "किडे सोडणं म्हणजे येडेपणा" असं सरसकट कोणी म्हटलं का माझं डोकं फिरते. आमच्या धुऱ्याला गाजरगवत कमरेइतकं व्हायचं. एका पावसाळ्यात त्यावर मेक्सिकन भुंगेरे आले, फिक्कट पांढरे, पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा, शेंड्यात पिवळसर अळ्या. आम्ही सोडले नव्हते, 1984 ला बंगलोरकडे सोडले होते त्यांचीच पिल्लावळ. पोळ्यापर्यंत गवताच्या नुसत्या काड्या उरल्या. अन् आमचे दादा पऱ्हाटीवर (कापसावर) फवारून उरलेल्या औषधाचा पंप घेऊन गेले न सगळे भुंगेरे मारून आले! म्हणे, आज गवत खाते, उद्या तूर खाईन. कृषी केंद्रवाल्यानं भरवलं होतं, त्याला औषध विकायचं होतं ना. गवत परत उभं झालं, हे सांगायला नको.

नव्वदच्या दशकात सूर्यफुलावर हे भुंगेरे दिसले तेव्हाही अशीच बोंब झाली होती. निघालं काय, तर पानावर गाजरगवताचे परागकण पडले होते म्हणून कुरतडत होते. दादाला कितीदा सांगितलं, जेवताना ऐकते अन् पाणी पिऊन उठते.

रायमुनिया हातानंच काढा. वरून छाटाल तर दुप्पट फुटते. माती उकरून दोन-तीन बोटं खाली मुख्य मूळ तोडा, झुडूप उलटं करून टाका, फळं पिकायच्या आधी, नाहीतर पाखरं बी पसरवतात. पुढच्या पावसात रोपं उपटावी लागतीलच. ढोरांना चरू देऊ नका, कावीळ होते, उन्हात कातडी सोलते.

हो, अन् भुंगेरेही बाराही महिने काम करत नाहीत, थंडीत मातीत दडतात, हिवाळ्यात उगवलेलं गवत वाचते. तुमच्याकडे गाजरगवत असेल तर ऑगस्टात रस्त्याच्या कडेचे भुंगेरे भोकं पाडलेल्या डब्यात पाल्यासकट आणून सोडा, किंवा जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयात विचारा. तोवर धुऱ्यावर फवारा मारायचा नाही, अन् कृषी केंद्रवाल्याला तर विचारायचंच नाही.